गुंजा, मासे आणि माझे सासरे

देवाने हे जग गुंजा-माशांत तोलून निर्माण केलं आणि पुढे माणसांनी त्यात घोळ घातला, असं मनापासून मानणारे गृहस्थ मला उभ्या आयुष्यात एकच भेटले, आणि नेमके तेच माझे सासरे निघाले. ते सोनार नव्हते. फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांनी जन्मभर खुर्ची उबवली आणि संध्याकाळी ते मुलुंडला आपल्या दोन खोल्यांच्या, मागच्या परसात एक शेवगा असलेल्या घरी परतत राहिले. पण त्यांच्या आजोबांचा कोकणात सराफीचा लहानसा धंदा होता. धंदा बुडाला, आजोबा गेले आणि नातवाच्या वाट्याला एक सागवानी पेटी तेवढी आली. पेटीत हातात धरायचा नाजूक काटा, रुपयाएवढी दोन पितळी पारडी आणि डबीत गुंजा. लाल अंगाच्या, काळ्या तोंडाच्या, मोत्यासारख्या जपलेल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे कोष्टक शाळेत आम्हीही घोकलं होतं, पण आम्ही ते परीक्षेपुरतं घोकलं आणि पेपर देऊन आल्यावर विसरलो. माझ्या सासऱ्यांची परीक्षा कधी संपलीच नाही.

गुंजा हे शेवटी वेलीचं बी. सगळ्या सारख्या वजनाच्या कशा असतील? सासऱ्यांचं म्हणणं असं, की ज्या सारख्या नाहीत त्या गुंजाच नव्हेत. त्यांनी गावाकडून आलेल्या पसाभर गुंजा एकेक करून काट्यावर चढवल्या होत्या आणि त्यांतल्या निवडक तेवढ्या डबीत ठेवून बाकीच्या परसात फेकून दिल्या होत्या. फेकलेल्यांचा वेल पुढे शेवग्यावर चढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नापास झालेल्यांनीच नाव काढलं बघा." डबीतली गुंज चुकून जमिनीवर पडली की घरातल्या सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं, पाय उचलायचा नाही, आणि मग गुडघ्यांवर बसून शोधायला लागायचं, असा नियम होता. पाहुण्यांनाही त्यातून सूट नव्हती. एका सत्यनारायणाला भटजी कासोटा सावरत पलंगाखाली शिरले होते, आणि गुंज त्यांनाच सापडल्यामुळे दक्षिणेवर प्रसादाचा एक मोठा द्रोण घेऊन घरी गेले, असं मी ऐकून आहे.

सोनं मध्यमवर्गीयाच्या घरात असतं किती आणि ते रोज तोलणार तरी किती वेळा? त्यामुळे काट्याला काम मिळावं म्हणून सासरे सापडेल ते तोलत. श्रीखंडातलं केशर, देवाचा कापूर, काढ्यातली पिंपळी आणि रोजची तपकीर. तपकीर त्यांनी दिवसाला दोन मासे ठरवून घेतली होती, आणि संध्याकाळपर्यंत ती संपली तर शिंका न देता बसून राहायची त्यांची तयारी असे. सासूबाईंच्या मिठाच्या बरणीकडे मात्र त्यांना कधी फिरकता आलं नाही. "मीठ चिमटीनं घालतात," त्या म्हणत, "आणि चिमटी माझी आहे." त्या काळी टपालाचा दर तोळ्यावर होता. सासरे पाकीट घरून तोलून नेत आणि पोस्टातला काटा त्याच्याशी जुळला नाही तर पोस्टातला काटा चुकतो, असं भर रांगेत सांगत. शेवटी शेवटी तिथले मास्तर त्यांना बघूनच म्हणत, "काका, तिकीट तुमचं तुम्हीच लावा, आम्ही नुसता शिक्का मारतो." यात आपला गौरव झाला असं सासरे समजत.

माणसंही त्यांच्या पारड्यातून सुटत नसत. शेजाऱ्याचा ताप दोन गुंजा उतरलेला असे, कचेरीतल्या साहेबाची अक्कल मासाभर भरे आणि वरचे अकरा मासे सुटाचे असत. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो त्यांच्या मुलीसाठी सांगून आलेला मुलगा म्हणून. मुलीचं नाव सुलभा. ती चहा घेऊन आली, मी कप घेतला, आणि सासऱ्यांनी माझं मनगट असं काही निरखलं की मला ते उजेडात धरून दाखवावंसं वाटलं. मी तेव्हा फारच किडकिडीत होतो. आम्ही पायऱ्या उतरत असताना ते आत सासूबाईंना सांगत होते ते मला स्पष्ट ऐकू आलं. "मुलगा चोख आहे. वजनात मार खातो, पण हिणकस नाही." लग्न ठरवताना कुणाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र मिळालं असेल असं मला वाटत नाही. आमचं दोघांचंही जमलं होतं. सुलभाला मी पसंत होतो आणि मला तर ती इतकी पसंत होती, की तिच्या वडिलांनी मला सबंध पारड्यात बसायला सांगितलं असतं तरी मी मांडी घालून बसलो असतो.

आता माझ्या आईबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रकार तिच्यामुळे घडला. आम्ही घाटकोपरला राहत होतो आणि आई तिथल्या एका शाळेत गणित शिकवत असे. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. आधी नवे पैसे आले आणि पाठोपाठ किलो-ग्रॅमचं वारं वाहू लागलं. बाकीचं जग या गोष्टींनी वैतागलं होतं, आई मात्र मोहरून गेली होती. पावकी-निमकीत पोरांची अर्धी बालपणं वाया जातात, आता दशांश चिन्ह इकडे सरकवा नाहीतर तिकडे, की झालं गणित, असं ती गल्लीतल्या बायकांना ओट्यावर बसवून समजावून सांगे. माझे वडील दोन्ही पद्धतींत गप्प बसत. तिकडे मुलुंडला सासऱ्यांनी नव्या वजनांच्या दुकानातून भाजी घ्यायची नाही असं ठरवलं होतं आणि त्या निश्चयापायी सगळं घर पंधरवडाभर शेवग्याची पानं, शेवग्याची फुलं आणि शेवग्याच्या शेंगा खात होतं. अशी ही दोन माणसं एकमेकांचे व्याही-विहीण होणार होती.

बैठकीत सगळं सुरळीत झालं. हुंडा दोन्ही घरांना नको होता. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची, ही आपल्याकडची जुनी रीत. सासऱ्यांनी एकच गोष्ट मागितली, की दोन्ही वाट्या प्रत्येकी दोन माशांच्या असाव्यात आणि ओवण्याआधी त्यांच्या घरी, त्यांच्या काट्यावर तोलल्या जाव्यात. "माहेरची वाटी हलकी पडली तर सासरचे टोचतात," ते म्हणाले, "आणि जड झाली तर मुलगी सासरी रुजत नाही, तिचं मन मागे ओढतं. तोल राहिला पाहिजे." आई हसून हो म्हणाली. मग घाटकोपरच्या सराफाकडे जाऊन तिने दोन माशांचे ग्रॅम केले, ते एक पूर्णांक आणि पुढे दशांशाचे तीन आकडे असे निघाले, आणि ती त्याला म्हणाली, "असल्या आकड्याची वाटी करतं का कुणी? सरळ दोन ग्रॅमची करा." शाळेत उत्तर पूर्णांकात आणायची तिला सवय होती. शिवाय सोनं थोडं जास्त दिलं म्हणून जगात कुणी रागावल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी वाटी घेऊन आई मुलुंडला निघाली आणि सोनं जवळ असताना एकटी नको म्हणून तिच्याबरोबर मी. घरात लगबग चालली होती. सुलभा आणि सासूबाई अक्षतांसाठी सुपात तांदूळ निवडत होत्या, तुटका दाणा बाजूला, अखंड दाणा परातीत. सासऱ्यांनी बाहेरच्या खोलीत पाट मांडून त्यावर पेटी ठेवली होती. वाऱ्याने पारडी हलू नयेत म्हणून खिडक्या लावल्या होत्या आणि ऐन वेळी शिंक नको म्हणून त्यांनी सकाळपासून तपकीर ओढली नव्हती. त्यामुळे मुद्रा अतिशय गंभीर होती. त्यांनी आपली वाटी एका पारड्यात ठेवली, दुसऱ्यात गुंजा मोजून टाकल्या. काटा सरळ उभा राहिला. मग आमची वाटी ठेवली. ती खाली गेली आणि खालीच राहिली. त्यांनी पारडी पुसली, डावीची उजवीकडे केली, पुन्हा तोललं. मग गुंजा काढून टाकल्या आणि दोन्ही वाट्या समोरासमोर ठेवल्या. आमची खाली, त्यांची वर.

"विहीणबाई," ते म्हणाले, "दोन मासे ठरलं होतं."

"दोन ग्रॅम आहे ती," आई म्हणाली. "कमी नाही हो, चांगली जास्त दिलीय."

"तेच चुकलं."

"जास्त दिल्याचं चुकलं?"

"तुमची जास्त म्हणजे माझी कमी. ही वाटी अशी ओवली जाणार नाही."

आईला पहिल्यांदा ही गंमत वाटली. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावर गमतीचं काही नव्हतं, आणि हे लक्षात आल्यावर तिच्यातली मास्तरीण जागी झाली. ती म्हणाली, "आमच्या घरी सून येतेय, चार गुंजा नाही येत. हिशेब जमत नसेल तर आमची वाटी आम्ही परत नेतो." आणि ती खरोखरच उठून चपला शोधू लागली. मी सासऱ्यांकडे बघितलं, ते काट्याकडे बघत होते. आतल्या दारात सुलभा सूप हातात घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा मला आजही आठवतो. दोन हट्टी माणसांच्या मध्ये आमचं लग्न त्या काट्यासारखं लोंबकळत होतं, आणि दोघांपैकी कुणी हट्ट सोडल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

तेव्हा सासूबाई बाहेर आल्या. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "वन्संचं तुम्ही सांगता की मी सांगू?" ते गुंजा डबीत भरू लागले. मग सासूबाईच आईजवळ बसल्या आणि सांगू लागल्या. सासऱ्यांना एक धाकटी बहीण होती. तिचं लग्न झालं तेव्हा आजोबांचा धंदा बुडालेला, आणि माहेरची वाटी सासरच्या वाटीपेक्षा गुंजभर कमी भरली. सासरच्यांनी ती तोलून बघितली होती. मग आमटीला मीठ कमी झालं की हलक्या घरची, घागर सांडली की हलक्या घरची. सहा-सात वर्षं तिने ते ऐकलं आणि एका तापात ती गेली. नवऱ्याच्या आधी गेली, अहेव गेली, लोक म्हणाले भाग्यवान. सासरच्यांनी तिची ती वाटी चिंधीत बांधून परत पाठवली. हलकं सोनं घरात नको, असा निरोप आणणाऱ्याजवळ होता. "तेव्हा हे वीस वर्षांचे होते," सासूबाई म्हणाल्या. "त्या पेटीतली प्रत्येक वस्तू यांनी हजारदा तोललीय. ती चिंधी कधी सोडली नाही."

आईने हातातली चप्पल खाली ठेवली. ती परत पाटासमोर येऊन बसली आणि वर्गात एखाद्या हुशार पण घाबरलेल्या मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "किती कमी पडतंय ते सांगा. तुमच्याच मापात सांगा." सासऱ्यांनी वरच्या पारड्यात एक गुंज टाकली. ती जास्त झाली, काढून घेतली. गुंजेच्या खालचं वजन डबीत नव्हतं. तेव्हा दशांश पद्धतीची ती कट्टर भक्त उठली, सुलभाच्या सुपातून तिने अखंड तांदूळ निवडून आणले आणि एकेक दाणा पारड्यात ठेवू लागली. चौथ्या दाण्याला काटा सरळ झाला. "चार तांदूळ," सासरे म्हणाले. "चार तांदूळ," आईने मान डोलावली. "मी आमची घासून कमी करून आणते."

"नाही," सासरे म्हणाले. "सौभाग्याच्या सोन्याला कानस लागायची नाही. वाढवायचं ते मी वाढवीन."

आणि त्यांनी पेटीच्या कोपऱ्यातून ती चिंधी काढून खिशात घातली.

त्यांच्या ओळखीचा सोनार स्टेशनच्या बाजूला बसत असे. सासरे पेटी छातीशी धरून पुढे, मागे आई, तिच्यामागे मी, अशी आमची वरात लग्नाच्या एक दिवस आधीच मुलुंडच्या रस्त्यातून निघाली. सोनार तरुण होता आणि गर्दीने कावलेला. "काय काका, उद्या लग्न आणि आज डाख? वाट लावणार माझी. ग्रॅम किती ते बोला ना, पटकन." सासऱ्यांनी त्याच्यासमोर चार तांदूळ ठेवले. त्याने एकदा तांदळांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मग सासऱ्यांनी चिंधीची गाठ सोडायला घेतली. ती इतक्या वर्षांची गाठ, सुटेना. शेवटी आईने ती दातांनी सोडली. आत पातळ, पिवळीजर्द, हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढी वाटी होती. सासरे म्हणाले, "यातलं घे. राहील ते परत दे." सोनाराने सुलभाच्या आत्याबाईंच्या वाटीच्या कडेचा तुकडा कापला आणि माहेरच्या वाटीला आतल्या अंगाने डाख देऊन जोडला. वाटी थंड झाली, धुतली, पुसली, आणि सासऱ्यांनी तिथेच गल्ल्यावर पेटी उघडून काटा उचलला.

या खेपेला माहेरची वाटी खाली गेली. फार नाही, केसभर. आमची वर राहिली. सोनाराने लगेच कानस उचलली. "एक हात मारतो काका, बरोबर होईल. दोन मिनिटं." ज्या माणसाने पोस्टाचा काटा भर रांगेत खोटा पाडला, ज्याने कमी वजनाच्या गुंजा परसात फेकून दिल्या, जो थोड्याच वेळापूर्वी जास्तीचं सोनं नको म्हणून मुलीचं लग्न थांबवायला निघाला होता, तो आता काय बोलणार हे मला पाठ होतं. मी घड्याळात बघितलं. आई माझ्या शेजारी उभी होती. सासऱ्यांनी काटा डोळ्यांसमोर धरला होता. पारडं खालचं खालीच होतं.

"असू दे," ते म्हणाले.

"अहो, पण तुम्हीच म्हणता ना, की..."

"असू दे. तेवढं माहेर जड असू दे."

परतीच्या वाटेवर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे ग्रॅममध्ये बसणारं नाही रे." तिच्या तोंडून नव्या पद्धतीविरुद्ध मी ऐकलेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य.

यानंतर सासरे सुधारले असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मांडवात त्यांनी आहेरातली अंगठी तिथल्या तिथे तोलली. शेवग्याला शेंगा होत्या तोवर त्यांनी किलोवाल्या भाजीचं तोंड पाहिलं नाही. ते घाटकोपरला आमच्याकडे आले की आई विचारी, "साखर किती गुंजा?" आणि ते सांगत, "तुमच्या ग्रॅमांत घाला, पाहुण्याने यजमानाचं ऐकावं." मग दोघं जेवणापर्यंत भांडत आणि जेवण झाल्यावर पुन्हा सुरुवात करत. माझे वडील मधे बसून पान लावत. पुढे सासऱ्यांची प्रकृती तोळामासा झाली. औषधं मिलिग्रॅमवर आली आणि ती त्यांनी मुकाट्याने घेतली, हे मला त्यांच्या आजारापेक्षा जास्त लागलं. शेवटच्या भेटीत त्यांनी माझं मनगट पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं हातात घेतलं आणि म्हणाले, "भरलात हो जावईबापू."

ते गेल्यावर पेटी आमच्याकडे आली. परवा सुलभाचं मंगळसूत्र वाढवलं, पोत नव्याने ओवायची होती, वाट्या सुट्या होत्या. मी खिडक्या लावल्या आणि काटा काढला. एवढ्या वर्षांत दोन्ही वाट्या तिच्या गळ्यात सारख्याच झिजल्या असणार. मी एक एका पारड्यात ठेवली, दुसरी दुसऱ्यात, आणि त्यांनी धरला होता तसा काटा डोळ्यांसमोर धरला. आतून डाख असलेली वाटी हळूच खाली गेली. सुलभा दारात येऊन उभी होती. इतक्या वर्षांत तिने या घराला एका शब्दाने परकं म्हटलेलं नाही, माझ्या आईचं आजारपण तिने एकटीने काढलं, पण शेवग्याच्या शेंगा दिसल्या की तिचे पाय अजून थांबतात.

"कशाला तोलताय?" ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"केसभर जास्त आहे अजून," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. अगदी त्यांच्या आवाजात. मग तिने दोन्ही वाट्या पारड्यांतून उचलल्या आणि खिडकीपाशी उजेडात बसून ओवायला घेतल्या.